परातीएवढी कॉइल

आमच्या गल्लीत पाणी माझ्यामुळं आलं, हे आजतागायत एकही माणूस कबूल करत नाही.

त्या वर्षी दुष्काळ असा, की हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आमच्या गल्लीत तेही बंद! का? तर नवा रस्ता करताना ठेकेदारानं व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणावर मुरूम टाकून वर रोलर फिरवला. (शहर वाढतंय म्हणे! वाढू द्या की, पण आमच्या नळावर पाय देऊन?) लाईनमन म्हणाला, "झाकण दाखवा, व्हॉल्व्ह फिरवतो. शोधायचं काम माझं नाय." मग कुणाचं, माझ्या आजोबांचं?

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी, अन् तिसऱ्या दिवशी माझ्या नातीचं बारसं. व्याही मंडळी जेवायला येणार आणि घरात जेमतेम हंडाभर पाणी! मी लेकीला शब्द दिला, "झाकण आजच काढतो."

शहागंजात एका दुकानात मेटल डिटेक्टर भाड्यानं मिळाला. लांब दांडा, वर डबी, आणि खाली जमिनीवरून फिरवायची गोल कॉइल. कॉइली दोन होत्या. एक बशीएवढी, एक परातीएवढी.

"साब, कौनसी लगाऊं?" दुकानदारानं विचारलं.

"मोठी!"

"अहो, छोटी घ्या," आमची बायको सुमन मधेच बोलली. "गल्लीत खिळे, तारा, पत्रे काय कमी हायेत? मोठीत सगळंच घावणार. रवा कुणी गव्हाच्या चाळणीनं चाळतं व्हय?"

उभी हयात वाळूजच्या कंपनीत मशिनी सांभाळण्यात गेली, त्या माणसाला ही बाई चाळणी शिकवते! दुकानदार हुशार. म्हणाला, "दोनो ले जाव ना साब, भाडा एकीच है."

खणायचं काम, म्हणून मी कंपनीचे सेफ्टी बूट चढवले (पायावर इंजिन पडलं तरी बोटं शाबूत!), परातीएवढी कॉइल लावली आणि सगळ्या गल्लीदेखत यंत्र चालू केलं.

टुंईंईं!

"हितंच हाय! शकीलभाई, मारा कुदळ!"

शेजारच्या शकीलभाईंनी बिचाऱ्यांनी गुडघाभर खणलं. निघाला मुरूम. दोन पावलं सरकलो. टुंईंईं! पुन्हा खड्डा, पुन्हा मुरूम! मी जाईन तिथं वाजतंय आणि खणावं तर काही नाही!

"भाईजान, ये गल्ली है के लोहे की खदान?" शकीलभाईंनी कुदळ टेकवून विचारलं.

माझं टाळकं सरकलं. बघतो तर सुमन माझ्या मागंच उभी, पायात जोडवी! "तुझ्या जोडव्यांनी वाजतंय! लांब थांब!" तेवढ्यात समोरच्या शिंदेवहिनी बघायला आल्या, त्यांच्याही पायात जोडवी! "वहिनी, लांब थांबा!" (असल्या गल्लीत माणसानं शास्त्र करायचं तरी कसं?) झाडून सगळ्या बायका ओट्यावर पिटाळल्या. शकीलभाईंना कुदळीसकट हाकललं. मधोमध उरलो मी एकटा.

टुंईंईं!

"ठेकेदारानं मुरमात भंगार मिसळलंय!" मी ओरडलो. "सोडत नाय त्याला! तक्रार करतो!"

ओट्यावरून सुमन शांतपणे म्हणाली, "अहो, बूट काढा."

"बुटांचा काय संबंध?"

"त्याच्यात पुढं लोखंडी वाटी हाय ना? तुमीच तर सांगत फिरता, इंजिन पडलं तरी बोटं शाबूत म्हणून!"

मी रागारागानं बूट काढून ओट्याकडं भिरकावले. यंत्र गप्प! मला असा संताप आला म्हणता! पण करायचा कुणावर, तेच ठरेना.

सुमन उतरली. माझ्या हातातून दांडा घेतला, बशीएवढी कॉइल बसवली आणि चांगला हातभर पुढं धरून चालू लागली. जोडव्यांसकट! यंत्र बारीक-बारीक कुरकुरलं आणि एका जागी ठणठणीत वाजलं. कुठं? तर माझ्या पहिल्या खड्ड्यातला मुरूम मी ज्या जागी टाकायला लावला होता, त्या ढिगाऱ्याखाली!

झाकण निघालं, लाईनमननं व्हॉल्व्ह फिरवला आणि सकाळी धो धो पाणी आलं. बारसं झालं, व्याही पोटभर जेवले, अन् वर दोन-दोन तांबे पाणी प्यायले. खड्डे मात्र मी एकट्यानं बुजवले. अनवाणी.

हल्ली गल्लीत कुणाची किल्ली हरवू दे, नाहीतर कानातलं पडू दे, बोलावणं सुमनला येतं. पण पहिल्यांदा यंत्र भाड्यानं मीच आणलं होतं ना? म्हणून मीही लगबगीनं निघतो. तर ओट्यावरून शिंदेवहिनी ओरडतात, "भाऊजी, तुमी तेवढे लांब थांबा!"