आरसे नसलेली गाडी

सूर्यभानची गाडी दारात आली, त्या पहिल्याच दिवशी कानिफनाथ तिच्यावरून दोनदा पडला. गाडी उभीच होती, इंजिनसुद्धा सुरू नव्हतं. बसायला गेला, डावा पाय जमिनीला पुरेना, आणि गाडी त्याला घेऊन हळूच तुळशीच्या कट्ट्यावर कलंडली. त्याच्या बायकोने, रतनबाईने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहिलं. एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने फक्त "लागलं का?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली. ही गाडी घरात येऊ नये असं तिला वाटत होतं. पण ती का आली हेही तिला ठाऊक होतं.

नगरहून जेऊरकडे जाणाऱ्या रस्त्याला कानिफनाथचं रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. आतली जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची, हे काम तो चोवीस वर्षं करतो आहे. सतत खाली बघून त्याची मान आखडून गेली होती. डावीकडे ती थोडीफार वळे, उजवीकडे अजिबात नाही. गिऱ्हाईक उजवीकडून आलं की तो अख्खा स्टूल फिरवून त्याच्याशी बोले. माणूस किती आदबीने बोलतो, असं नव्या लोकांना वाटायचं.

सूर्यभान जमीन मोजणीच्या खात्यात होता. कानिफनाथच्या चुलत्याच्या बांधाची मोजणी करायला तो आला आणि त्याची गाडी बंद पडली, ती कानिफनाथने प्लग साफ करून चालू करून दिली. तेवढ्यावरून ओळख झाली आणि ओळखीचं पुढे असं झालं की रविवार उजाडला की दोघं आपापल्या मोटारसायकलवर गर्भगिरीच्या डोंगरात. हळूहळू आणखी तिघं आले. त्यात गाड्यांचा मिस्त्री फैयाज होता. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत पान्यांच्या शेजारी त्याच्या आईने दिलेले खिम्याचे समोसे असत, आणि पंक्चर निघालं की आधी समोसे निघत. डांबर सोडायचं, बैलगाडीची नाहीतर शेळ्यांची वाट धरायची, पठारावर चढायचं, पलीकडच्या गावात उतरून चहा प्यायचा. पोराबाळांची चाळिशीतली माणसं, पण रविवारी सकाळी त्यांचे चेहरे सहलीला निघालेल्या वर्गासारखे दिसायचे.

डोंगरात चुकामूक होऊ नये म्हणून त्यांचे दोन नियम होते आणि दोन्ही सूर्यभानने घातलेले. पहिला असा, की मोठी वाट सोडून वळायचं असेल तर फाट्यावर थांबायचं. आपल्या मागचा माणूस दिसला, त्याने हात वर केला, की मगच फाटा सोडायचा. दुसरा असा, की फाट्यावर कुणीच उभं नसेल तर मोठी वाट धरायची. कुणी उभं नाही याचा अर्थ पुढचे सगळे मोठ्या वाटेने गेले, थांबायची गरज पडली नाही. आठ वर्षं हे नियम कुणी मोडले नव्हते.

गेल्या डिसेंबरात पठारावरून उतरताना सूर्यभान सगळ्यांच्या मागे होता आणि त्याच्या पुढे कानिफनाथ. बाभळीच्या फाट्याशी डावीकडे एक अरुंद पायवाट गावात उतरते. उजवीकडे डंपरची रुंद वाट मुरमाच्या खाणीकडे जाते. त्या आठवड्यात मशिनने खाणीची कड तोडत तोडत थेट वाटेपर्यंत आणली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. कानिफनाथ फाट्यावर थांबला. उजव्या आरशात त्याला फाट्याआधीच्या छोट्या चढावरून वर येणारा पिवळा ठिपका दिसला. सूर्यभानचं हेल्मेट पिवळं होतं. कानिफनाथने हात वर केला. ठिपक्याशेजारीही हात वर झाला, तसा कानिफनाथ डाव्या पायवाटेने उतरला.

खाली गावात चौघांनी दोन वेळा चहा घेतला. मग फैयाज उठला आणि म्हणाला, "चला, बघू." सूर्यभान त्यांना तीस फूट खाली मुरमात सापडला.

तो वाचला. पण कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं. डोक्यालाही मार होता, त्यामुळे पठार सोडल्यापासून दवाखान्यात डोळे उघडेपर्यंतचं काहीच त्याला आठवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्याने कानिफनाथला विचारलं होतं, "तू फाट्यावर होतास ना?"

"होतो की. तू हात केला, मग मी उतरलो," कानिफनाथ म्हणाला. त्याने जे पाहिलं होतं तेच तो बोलला.

त्या उत्तराने सूर्यभानच्या मनात घर केलं. पंचवीस वर्षांत त्याच्या मोजणीवर एक अपील झालं नव्हतं. आणि पुढचा माणूस कुठून उतरला हे डोळ्यांनी बघून, वर हात करून, आपण भलत्याच वाटेला लागलो? सावेडीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून तो जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तो फाटा काढत बसायचा. बाभूळ, पायवाट, डंपरची वाट, कानिफनाथ उभा होता ती जागा. त्याची बायको ज्ञानेश्वरी ते कागद गोळा करून कपाटावर ठेवायची. फेकायचा तिला धीर होत नव्हता.

फेब्रुवारीत सूर्यभाननेच गाडीचा विषय काढला. ती त्याने जुनीच, पुण्याच्या एका मुलाकडून घेतलेली होती. डांबरावर आणि दगडधोंड्यावर दोन्हीकडे चालणारी, उंच, अरुंद, बगळ्याच्या चोचीसारखा लांब पुढचा मडगार्ड असलेली. फैयाजने वाकलेलं हँडल बदललं होतं, पण टाकीवरचा पोचा तसाच होता. सूर्यभान म्हणाला की दुसरा कुणी घेईल तर तिला गल्लीत फिरवेल. तू घे.

कानिफनाथला नाही म्हणता आलं नाही.

मग दर रविवारी दुपारी तो सावेडीला जायचा आणि शिकवणी चालायची. आधी मीटरचा आकडा सांगायचा, गाडी किती किलोमीटर झाली ते. मग बाकीचं.

"दोन्ही पाय टेकवायला जातोस म्हणून पडतोस," सूर्यभान म्हणायचा. "ढुंगण एका बाजूला सरकव, एकच पाय टेकव. तुझी उंची काय वाढायची नाही आता."

"तुझी तरी कुठं हुती? तुझ्याहून मी बोटभर उंच हाय."

"म्हणून तर पडतोस. मला माझी उंची माहीत होती."

ज्ञानेश्वरी चहा ठेवताना म्हणायची, "भाऊजी, तुम्ही आलात की हे दोन तास माणसासारखे बोलतात. येत जा."

शिकायचं पुष्कळ होतं. तिचा क्लच अगदी शेवटी पकडायचा. थंडीत चोक ओढून दोन मिनिटं तिला आपल्या आपण गुरगुरू द्यावं लागायचं. न्यूट्रल सापडायला बूट हलका लावावा लागायचा, जोर केला की ती थेट दुसऱ्यात. उतारावर उभं राहून गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल सोडायचे, तेव्हा मागचं चाक कितीही सरकलं तरी ती वाट सोडत नसे. आपल्या जुन्या गाडीवर कानिफनाथ वीस वर्षं हँडल आवळून चालवत आला होता. आता बोटं सैल सोडायची म्हणजे रात्री झोपेत मूठ उघडी ठेवण्याइतकं अवघड.

सगळ्यात अवघड होते आरसे. तिला ते नव्हतेच. सूर्यभान शहरात पोलीस अडवतात म्हणून लावायचा आणि डांबर संपलं की काढून पिशवीत टाकायचा. डोंगरात आरसा नुसता थरथरतो, काही धड दिसत नाही, आणि पडलं की आधी तोच फुटतो. कानिफनाथला याचं नेहमी हसू यायचं. त्याच्या गाडीचे आरसे आठ वर्षांत फुटले नव्हते आणि त्याची त्याला ऐट होती. त्याच्या मानेला दुसरा इलाजही नव्हता.

त्याने आरसे लावू का म्हणून विचारलं, तेव्हा सूर्यभान म्हणाला, "लाव. पण आधी एकदा मी सांगतो तसं करून बघ. मानेवर भार देऊ नकोस. पायावर उभा राहा आणि कमरेतून वळ. सगळा वळ."

हे सांगताना त्याने खुर्चीत खांदे वळवून दाखवले. खांद्याखालचं काही हललं नाही. कानिफनाथ कपातल्या चहाकडे बघत राहिला.

पण ते जमलं. मार्च संपता संपता तो उभा राहून कमरेतून वळायला शिकला, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा त्याने गाडीवरून आपल्या मागचा डोंगर बघितला. उडालेला फुफाटा, त्यात फैयाजची लाल बंडी, वर आभाळ. आरशात हे सगळं बोटाएवढं दिसायचं आणि हलत असायचं.

एप्रिलमध्ये एका बुधवारी दुकान बंद ठेवून तो एकटाच बाभळीच्या फाट्यावर गेला. का गेला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. नेमक्या त्याच जागी त्याने गाडी थांबवली, उभा राहिला आणि कमरेतून मागे वळला. चढावरून एक पिवळा ठिपका वर येत होता.

ती एक म्हातारी होती, राहीबाई नावाची. तिच्या शेळ्या पुढे होत्या आणि तिच्या डोक्यावर पाण्याचा पिवळा कॅन. कॅन एका हाताने धरलेला. त्याला बघून तिने दुसरा हात वर केला आणि जवळ येऊन बाभळीखाली कॅन उतरवला.

"तुमीच व्हय ते?" ती म्हणाली. "त्या दिशी इथूनच हात केलता मला. म्या बी केला. म्हनलं, कोन का असंना, गाडीवाला मानूस आपल्याला हात करतोय."

कानिफनाथने विचारलं, कोणत्या दिवशी. खाणीत गाडी पडली त्याच दिवशी, ती म्हणाली. तिच्या मागून बऱ्याच वेळाने एक गाडीवाला आला. पिवळंच टोपडं होतं त्याच्या डोक्यावर. फाट्याला थांबला, इकडंतिकडं बघितलं, हाक पण मारली. मग मोठ्या वाटेनं गेला.

"म्या शेळ्यांमागं खाली गेल्ते. तितं मशिन लागलंय हे मला ठावं असतं तर म्या वरडले असते, दादा."

ती एवढं बोलून शेळ्यांमागे गेली. कानिफनाथ बराच वेळ गाडी धरून उभा होता. खाणीच्या कडेला खाणवाल्यांनी आता लाल-पांढरी पट्टी बांधली होती, ती वाऱ्याने फडफडत होती.

त्यानंतरचे तीन रविवार तो सावेडीला गेला आणि त्यातलं काही बोलला नाही. मीटरचा आकडा सांगितला, चेन सैल झाली म्हणून सांगितलं, चहा प्याला. सांगितलं तर सूर्यभानच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं, हे त्याला दिसत होतं. आणि सांगितलं तर या घरात पुन्हा येता येईल का, हे त्याला दिसत नव्हतं. घरी त्याने रतनबाईला सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी न्हाई सांगितलं तर ते मरेस्तोवर फाटाच काढत बसतील."

चौथ्या रविवारी सूर्यभान नवा कागद घेऊन बसला होता. त्याने पेन्सिल कानिफनाथपुढे धरली आणि म्हणाला, "नेमका कुठं उभा होतास ते खूण करून दे. माझं काहीतरी चुकतंय. इथून मला तू दिसायलाच पाहिजे."

कानिफनाथने पेन्सिल घेतली नाही. त्याने राहीबाईचं सांगितलं. कॅनचं सांगितलं. आरशाचं सांगितलं. मान वळत नव्हती हे सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. आतल्या खोलीच्या दारात ज्ञानेश्वरी हातातली सुपली धरून उभी होती.

सूर्यभान कागदाकडे बघत होता. पेन्सिलीचं टोक त्याने फाट्यावर ठेवलं आणि तिथून सावकाश डंपरच्या वाटेवर फिरवत नेलं.

"म्हणजे फाट्यावर कुणी नव्हतं," तो म्हणाला.

"न्हाई."

"म्हणजे मी नियमानं गेलो."

"व्हय."

"मी बरोबर होतो." हे तो स्वतःशीच बोलला. त्याचा चेहरा मोकळा झाला, कितीतरी महिन्यांनी झाला, आणि त्याच चेहऱ्यावर मग हळूहळू दुसरं काहीतरी उतरत आलं. त्याने कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली.

"कानिफ, पुढच्या रविवारी येऊ नकोस," तो म्हणाला. "पुढं कधी यायचं ते मी कळवीन. आता काही सांगता येत नाही मला."

कानिफनाथने मान हलवली. उठून त्याने गाडीची किल्ली खिशातून काढली आणि टीपॉयवर ठेवली.

सूर्यभानने ती बोटाने परत सरकवली. "यात गाडीचं काय चुकलं? उभी ठेवलीस तर टाकी आतून गंजेल. चालव."

ज्ञानेश्वरी फाटकापर्यंत आली नाही. एरवी यायची.

आता पाचजणांतले चौघंच डोंगरात जातात. कानिफनाथ सगळ्यांच्या मागे असतो, त्याने तसं मागून घेतलं आहे. त्याच्या मागे कुणी नसतं, तरी प्रत्येक फाट्यावर तो थांबतो, पायावर उभा राहतो आणि कमरेतून पूर्ण मागे वळून बघतो. फैयाज खालून हॉर्न देतो, पण त्याबद्दल त्याची चेष्टा करत नाही. मान आता उजवीकडेही वळू लागली आहे. दुकानात स्टूल फिरवावा लागत नाही.

रविवारी दुपारी घरी आल्यावर तो गाडी तुळशीच्या कट्ट्याजवळ लावतो, मीटरचा मोबाईलवर फोटो काढतो आणि सूर्यभानला पाठवतो. सोबत काही लिहीत नाही. लिहायला बसला होता एकदा, पण खोडून टाकलं. थोड्या वेळाने फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटतात. उत्तर अजून एकदाही आलेलं नाही. खुणा उमटल्या की तो मोबाईल खिशात ठेवतो आणि चेनला तेल द्यायला बसतो.