होडीवर नसलेला डबा

मालवण किनाऱ्यावरचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. साठच्या दशकातली गोष्ट. मी घाटावरचा नवा फौजदार. समुद्र पाहिला तो ठाण्याच्या खिडकीतून. त्या वर्षी सरकारने मच्छीमार होड्यांना पत्र्याचे डबे वाटले. आत संकटात पेटवायच्या दोन लाल मशाली. उजेड लांबून दिसावा आणि मदत धावून यावी, एवढाच हेतू.

तपासणीत एका होडीवर डबा सापडला नाही. त्यातच खबर आली, की होडी चालवणाऱ्या तांडेलाने मशाली चोरटं सोनं आणणाऱ्यांना खुणेसाठी दिल्या. खबऱ्याचं आणि तांडेलाचं जुनं वाकडं आहे, असं हवालदाराने सांगितलं होतं. पण नवा फौजदार हवालदाराचं ऐकत नसतो.

सकाळीच तांडेलाला ठाण्यात बसवलं. आरोप शाबीत झाला तर होडीचा परवाना जाणार, वर तुरुंग.

"डबा कुठे आहे?"

"डबो हरवलो, सायबानू."

दुपारपर्यंत हेच. खोटं बोलणारा सहसा गोष्ट वाढवत नेतो. हा एका शब्दावर अडून होता. कुणाला तरी पाठीशी घालतोय, एवढं मला कळलं.

मासळीबाजार उठल्यावर त्याची बायको आली. टोपलीतल्या फडक्याखालून तिने डबा काढून टेबलावर ठेवला. त्याला हळदकुंकू लावलेलं.

"घोवाक सोडा. मीच डबो देवाकडे ठेवलंय. बुडूचां सामान होडयेत नेलां तर दर्याक वाटतलां, हेंका बुडूचांच आसा."

डबा उघडला. दोन्ही मशाली जागेवर होत्या.

"बाई, घरात औषध ठेवलं म्हणून कोणी आजारी पडतं का?"

"तुमी कधी होडयेत बसलास, सायबानू?"

हवालदार खाली मान घालून हसला. मी तांडेलाला सोडलं आणि दुसऱ्या सकाळी डबा मांडीवर घेऊन त्याच्या होडीत बसलो. पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं, पण संध्याकाळी धड परतलो. ती किनाऱ्यावर वाट पाहत होती. माझा अवतार बघून म्हणाली, "ऱ्हवांदे डबो होडयेत."

पुढे माझी बदली झाली. निघायच्या दिवशी ती ठाण्यात आली आणि जळून काळी पडलेली मशालीची एक नळी तिने टेबलावर ठेवली.

"एक पेटयली, सायबानू. होडयेतले चौघेय परत इले."

माझे डोळे भरून आले, हे लिहायला आता लाज वाटत नाही. माणूस काही लपवतो तेव्हा तो गुन्हाच असतो असं नाही, पुष्कळदा ती भीती असते, हे मला त्या बाईने शिकवलं. नोकरीभर हाती आलेली प्रत्येक वस्तू मी नोंद करून जमा केली. ती नळी तेवढी केली नाही. ती माझ्या घरी देवाकडे आहे.