बोदलकशाचा चिखल

"डोरे हायेत का गुंड्या?"

दुकानाच्या पायरीवर कुणी पाऊल ठेवलं की त्याचा पहिला प्रश्न हा. या, बसा, पाणी घ्या वगैरे त्याच्याकडे नव्हतं. हातातला लोखंडाचा तुकडा दाराच्या उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्या डोळ्यानं तुकडा सोडून तुमच्याकडे बघायचा. शर्टाच्या दोन गुंड्या उसवून तुमच्या तोंडावर डोळ्यांच्या जागी शिवल्या आहेत, असं त्याचं पक्कं मत होतं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. नसेल तर सुखी आहात.

तिरोड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याचं लेथ मशीन यांच्यामध्ये एकच भिंत. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पोटासाठी तो राइस मिलचे शाफ्ट घासून द्यायचा आणि मिलवाल्यांना तोंडावर सांगायचा की धान पॉलिश करता करता तुमची डोकीही पॉलिश झाली. तरी ते यायचे.

त्याचा जीव मात्र दुसरीकडेच अडकलेला. फार वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या, फुगऱ्या टायरांच्या, रेती-चिखल काही न बघता धावणाऱ्या तीनचाकी गाड्या तुम्ही पाहिल्यात का? स्कूटर आणि रणगाड्याचं लग्न लागलं तर होईल तसलं अपत्य. एका खाणमालकानं हौसेनं आणलेली तसली एक गाडी भंगारात मिस्त्रीच्या हाती लागली होती. बनवणाऱ्यांनी ते मॉडेल कधीच बंद केलेलं, सुटा भाग जगात मिळत नाही. मिस्त्रीनं एकेक भाग स्वतः घडवून ती चालती केली. वर म्हणायचा, "ज्यानं पयल्यांदा बनवली त्याले काही समजत नोयतं."

मी त्याच्या कामाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि स्वतःच स्वतःला त्याचा मॅनेजर नेमलं. पगार नाही, अधिकार नाही, अपमान भरपूर. पहिल्या व्हिडिओत मी सगळा वेळ मशीनऐवजी माझा अंगठाच दाखवला होता. त्यानं शांतपणे बघितला आणि म्हणाला, "मॅनेजर, अंगठा चांगला आला."

त्याच्या दोन सवयी होत्या, आणि पुढचं सगळं त्या दोन सवयींनीच घडवलं.

पहिली, गिऱ्हाइकानं नमुन्याला पाठवलेला जुना भाग तो घासलेटात बुडवून, तारेच्या ब्रशनं घासून, चकचकीत करूनच परत द्यायचा. "दुसऱ्याचं लेकरू घरी धाडतानी तोंड धुवून धाडते का नाई?"

दुसरी, स्वतः बनवलेला नवा भाग आपल्या गाडीवर चढवून बोदलकशाच्या तलावाकाठच्या चिखलात दामटल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नाही. आणि तो धुवायचा तर मुळीच नाही. चिखल हाच त्याचा पुरावा.

या परीक्षेला मागे वजन लागे. पूर्वी तो धानाचं पोतं बांधायचा. मी मॅनेजर झाल्यावर पोतं बंद झालं. मी विचारलं, काऊन बा? तर म्हणाला, "पोतं भिजलं त धान खराब होते. तू भिजला त काय होते?" एका गुरुवारी बांधावरून उडी घेताना गाडी पुढे गेली आणि मी मागेच राहिलो, कमरेपर्यंत चिखलात. धानाची रोवणी करणाऱ्या बायांनी काम थांबवून मला नीट बघून घेतलं. मिस्त्रीनं आधी चाक तपासलं.

तो गुरुवार साधा नव्हता. नागपूरच्या एका साहेबांच्या तसल्याच गाडीसाठी मागच्या चाकाचा हब बनवला होता, त्याची ती परीक्षा. हब म्हणजे आसावर बसणारा जाड लोखंडी गोल, आतून दाते असलेला. दाते झिजले की आस फिरतो आणि चाक जागेवर बसून राहतं. साहेबांचं चाक तसंच बसलं होतं. त्यांनी जुना हब नमुन्याला पाठवला होता आणि फोनवर सांगितलं होतं, हे काम पसंत पडलं तर आमच्या सगळ्या मित्रमंडळाच्या गाड्यांचं काम तुमच्याकडे, कायमचं.

ते कायमचं काम मिस्त्रीला हवंच होतं. दुकानाचा शेड त्याच्या मोठ्या भावाचा. भावानं सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत धड काम दिसलं नाही, तर शेड टाइल्सवाल्याला देईन. लेथ मशीन ठेवायला दुसरी जागा मिस्त्रीजवळ नव्हती.

साहेब स्वतः आले. सोबत एक मित्र, ज्याचं काम फक्त मान हलवायचं होतं. टेबलावर दोन हब होते. घासलेटानं अंघोळ केलेला, चकाकणारा साहेबांचा जुना. आणि बोदलकशाचा चिखल वाळून चिकटलेला मिस्त्रीचा नवा. मिस्त्री हात पुसत काही बोलणार, तोवर साहेबांनी चिखलवाला उचलून छातीशी धरला.

"हा बघ माझा ओरिजिनल," ते मित्राला म्हणाले. "हा थर बघ. असा थर चढायला आयुष्य जावं लागतं."

मागच्या गुरुवारी मी स्वतः त्या थरात उभा होतो.

साहेबांनी हबचा वास घेतला, डोळे मिटले. मग आतून बोट फिरवलं. "आणि दाते बघ, आजही धारदार. असं काम करणारा माणूस आता पृथ्वीवर राहिला नाही." मित्राची मान हलली. मग चकचकीत हब दोन बोटांत उचलला. "आणि हा यांचा. चकाकी आहे, बाकी काय? दाते पार गोल. गावठी काम."

गोल झालेले ते दाते त्यांचेच. त्याचसाठी तर त्यांनी नवा करायला टाकला होता. मी म्हणालो, "साहेब, पण मग तुम्ही..." तेवढ्यात मिस्त्रीचा बूट माझ्या चपलेवर आला आणि तिथेच राहिला.

"मेकॅनिकनंच मला उगाच घाबरवलं," साहेब म्हणाले. "याला काहीच झालेलं नाही. वाईट वाटून घेऊ नका मिस्त्री, शिकाल हळूहळू. हा तुमचा तुम्हाला ठेवा." चिखलवाला हब रुमालात गुंडाळून, लेकरू घेतल्यासारखा सांभाळत, ते गाडीत बसले.

गाडी वळली तेव्हा माझा पाय बुटाखालून सुटला. मी खिशातून फोन काढला. म्हटलं, आत्ता सांगतो, अजून गावाबाहेर गेले नसतील.

"राहू दे."

"मिस्त्री, शेड जाईल."

"तू सांगशील त समजन त्याले. दिसन का?"

"दिसलं नाही तरी काम तर मिळेल."

"शेड भावाचा होय," तो म्हणाला. "डोरे माये हायेत."

मला तो तेव्हाही मूर्खपणा वाटला, आजही वाटतो. अशा माणसाला वर्षभर मागच्या सीटवरून मॅनेज करणारा मी किती शहाणा, ते तुम्हीच ठरवा.

मग त्यानं झाडू घेतला आणि माझ्याकडे पाठ करून झाडायला लागला. सकाळीच झाडलेली जमीन. थोड्या वेळानं विचारलं, "काय मने गा तो, दात्याचं?"

मी सांगितलं. असं काम करणारा माणूस आता पृथ्वीवर राहिला नाही.

झाडू थांबला. "पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं.

"गुंड्या," तो म्हणाला. पण कुणाला शिवी द्यावी तसं नाही.

दिवाळीनंतर शेड गेला. मशीन छत्तीसगडच्या एका मिलवाल्यानं ट्रकवर चढवून नेलं, तेव्हाही त्यानं हमालांना डोरे हायेत का गुंड्या, ते विचारलंच. तो देवरीला मुलीकडे राहायला गेला आणि मागच्या पावसाळ्यात तिथेच वारला. आता भिंतीपलीकडे टाइल्स आहेत, दिवसभर कटरचा आवाज.

परवा साहेबांचा फोन आला. त्यांची गाडी झकास पळते आहे. आता दुसऱ्या बाजूचा हब गेलाय, तेव्हा तसाच एखादा ओरिजिनल कुठे दिसला तर कळवा, गावठी मात्र नको. बघतो, म्हणालो.

त्यांचा खरा ओरिजिनल माझ्या टेबलावर असतो. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून.

फोन ठेवला तेव्हा समोर एक म्हातारी उभी होती, आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी सुकडीहून आलेली. थांबल्या थांबल्या तिनं तो हब उचलला, दाराच्या उजेडाकडे धरला.

"कायचा होय गा हा?" ती म्हणाली. "याचे दाते त झिजून गेले."

"मिस्त्री," मी भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "ह्या बाईले डोरे हायेत गा."

पलीकडे कटर थांबला. टाइल्सवाल्यानं आत डोकावून विचारलं, "क्या हुआ भैया?"