बाईंपाशी नसलेला शब्द

"आधी माणूस सांगा, मग शब्द देते," असं टायपिस्टबाई प्रत्येकाला म्हणायच्या. कचेरीबाहेर इंग्रजी तक्रारअर्ज करून घ्यायला त्यांच्यापुढे रांग लागे. जावई लबाड असला तर 'डिसऑनेस्ट', मारकुटा असला तर 'क्रुएल', आणि अगदीच नीच निघाला तरच 'विकेड'. शेजारच्या टेबलावर तसेच अर्ज टाइप करणाऱ्या मास्तरांकडे मात्र साऱ्या दुष्टांना मिळून एकच 'बॅड' होता. बाईंची रांग पाहून मास्तरांच्या पोटात दुखायचं.

शेवटी साहेबांकडे अर्ज करून बाईंना तिथून उठवायचं त्यांनी ठरवलं. त्याला कडक शब्द हवा, आणि तो बाईंकडेच मिळणार.

"दुसऱ्याची गिऱ्हाइकं पळवणाऱ्याला काय म्हणतात हो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"खोटं बोलतो?"

"नाही."

"कुणाला फसवतो?"

"तसंही नाही."

"मग लोक जातात कशाला त्याच्याकडे?"

मास्तरांनी मान खाली घातली. "काम चांगलं होतं तिथं."

"मग त्याला वाईट शब्द माझ्याकडे नाही, मास्तर."

कचेरी सुटायची वेळ झाली, तशी बाईंनी यंत्रावर कापड टाकलं, पिशवी उचलली आणि घरची वाट धरली. रांगेतली माणसं उद्या येऊ म्हणत उठली. मास्तरांकडे कुणी वळलं नाही. कोरा कागद हातात धरून ते बाई कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले.