पेरूवाल्या मावशींची तोंडी परीक्षा

बी.कॉम.ला दौंडच्या कॉलेजात होते, तेव्हा यवतहून सकाळच्या डेमू गाडीने जायचे. समोर पेरूची पाटी घेऊन एक मावशी बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ऑडिटिंगमध्ये मी दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा नापास झाले तर वडील कॉलेज बंद करणार होते. म्हणून गाडीत पुटपुटत पाठांतर चालायचं.

एक दिवस मावशींनी पुस्तक ओढून आपल्या मांडीवर पालथं घातलं. "मोठ्यानं म्हण."

मी म्हणू लागले. मध्येच त्यांनी पाटीवर टिचकी मारली. "हितं थाप मारलीस. परत म्हण."

थाप खरीच होती. "मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई गं. पण जवा येत न्हाई, तवा तू खिडकीभाईर बघतीस."

मग रोज दौंड येईपर्यंत ही परीक्षा चालली. मी पास झाले आणि त्या गाडीने जाणं सुटलं. मावशींना निकाल सांगायचा राहूनच गेला.

आता मी ऑडिटलाच जाते. परवा एका कारखान्यातले अकाउंटंट हिशेब समजावताना एकदम खिडकीबाहेर बघू लागले. मी त्यांची फाइल मांडीवर पालथी घातली आणि म्हटलं, "हितनं परत सांगा, साहेब."