जांभळे दाणे

भूलशास्त्र शिकायला लागल्यावर आज पहिल्यांदाच ऑपरेशन थिएटरमध्ये भुलीच्या यंत्रातला पांढऱ्या दाण्यांचा डबा उघडला आणि चुन्याचा तोच कोरडा वास आला.

ब्याऐंशी साली मी आठवीत होते. पप्पा पाणबुडे होते. पाण्याखाली त्यांचा सोडलेला श्वास अशाच पांढऱ्या दाण्यांतून शुद्ध होऊन त्यांना परत मिळायचा. दाण्यांची ताकद संपत आली की ते जांभळे पडत.

त्या शनिवारी पाण्यात त्यांना धाप लागली, डोकं ठणकलं. रविवारी घाटकोपरच्या आमच्या गॅलरीत ते आणि त्यांचे जोडीदार सावंतकाका श्वासाचं यंत्र उघडून बसले. नळ्या, झडपा, सगळं ठीक होतं.

“दाणे बदल रे,” काका म्हणाले.

“नवे आलेत कुठे? बघ गं, काल जांभळे होते ना?”

डब्यातले दाणे परातीत काढून उन्हात ठेवले होते, ते मी पाहिले. “पांढरे झालेत, पप्पा.”

“उन्हात सुकले. मम्मीच्या कुरडयांसारखे.” पप्पा हसले. मीच वाटीने ते डब्यात भरले.

सोमवारी काका एकटेच घरी आले.

“जांभळे झालेले फेकून दे,” आज सीनियर मॅडम म्हणाल्या. “ठेवले की परत पांढरे दिसतात, पण उपयोगाचे नसतात.”

मी मान हलवली. इतकी वर्षं ती दुपार मला पप्पांच्या हसण्यासाठी आठवायची.