सोडलेले खांदे

मान दुखते म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले, तर ती छातीचे स्नायू दाबू लागली. दुखणं मागे आणि उपचार पुढे! मला संशयच आला.

"पुढचे स्नायू आखडलेत, म्हणून मागचे ताणले जातात," ती म्हणाली. मला काही ते पटलं नाही.

मग तिने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. "आता खांदे सोडा."

"सोडलेत."

"नाही सोडलेले, ताई."

चिडून मी समोरच्या आरशात पाहिलं. खांदे कानांपाशी गेले होते, आता कुणीतरी ओरडणार म्हणून अंग चोरून उभ्या राहिलेल्या मुलीसारखे. ओरडणारे माझे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांचा धाक कधीच गेला, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. अगदी खरं वाटेल असं.